परसबाग, गच्ची आणि सोसायटीची सामाईक बाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याचं हवामान धरून लिहिली आहेत. कोकणातला पाऊस, देशावरची कोरडी हवा आणि विदर्भातलं ऊन यांत बराच फरक आहे. जिथे त्याने काम बदलतं तिथे तसं सांगितलं आहे. परदेशात राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न आहे.

सुरुवात कशापासून करू? कुठलं बी आणू?

बी सगळ्यात शेवटी आणा. आधी ऊन बघा, मग पाचोळा जमवा, मग बियांच्या दुकानात जा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि दोन महिन्यांनी गॅलरीत पाच रिकाम्या कुंड्या उरतात.

ऊन बघायचं म्हणजे सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी त्या जागेचा फोटो काढायचा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि सगळ्या वेलभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा चार तासांत भागवून घेतात. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस येतात ते याच कालावधीच्या दोन टोकांना. त्यामुळे डिसेंबरात टोमॅटोने लगडलेली दक्षिणेची बाल्कनी जूनमध्ये सावलीत जाते. झाडाचं काही बिघडलेलं नसतं, फक्त जागा बदलायची असते.

आमच्याकडे दोन-तीन तासच ऊन येतं. मग काहीच होणार नाही का?

फळभाजीचा नाद सोडा. पुदिना, पानओवा, नागवेल, आलं, हळद आणि अळू एवढ्या उन्हात चालतात. अळूला तर ओल आणि थोडी सावली मानवतेच. फक्त कंद आणताना भाजीचं अळू की वडीचं, हे विचारून घ्या. रानातलं कुठलंही अळू उपटून आणू नका. अळवातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे घसा खवखवतो, आणि काही जाती चिंच किंवा आमसूल कितीही घातलं तरी खाजतातच.

गच्चीवर माती टाकून वाफे केले तर चालतील का?

मातीचे वाफे नकोत. हिशोब सोपा आहे. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरलेला असतो. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरवर सुमारे पाचशे किलो भरतो. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर आणखी. म्हणजे ज्याला आपण ‘छोटासा वाफा’ म्हणतो तो स्लॅबच्या क्षमतेच्या तिप्पट असतो.

म्हणून गच्चीवर भर हलकी हवी, आणि वजनदार ड्रम स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवायचे. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही करू नका. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जातं आणि गळती सुरू झालीच तर कुठून, ते दिसतं. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली की बाग कितीही छान असली तरी सभेत ती हरते.

मग भर कशाची करायची? नर्सरीतली लाल माती चालेल का?

नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. नुसती काळी माती त्याहून वाईट: ओली असताना चिकट आणि वाळली की भेगा. शिवाय त्या भेगांतून पाणी थेट खाली जातं, मुळं कोरडीच राहतात.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीचे प्रयोग केले ते उसाच्या चिपाडावर. रसवंतीवाल्याकडे चिपाडाचा ढीग पडलेला असतो आणि तो नेऊ दिला तर त्याला आनंदच होतो. त्याच धर्तीवर साधी पद्धत अशी: तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर चिपाड किंवा वाळका पाला पायाने दाबून, त्यावर अर्धवट कुजलेलं घरचं खत, आणि वर चार-पाच बोटं माती नि शेणखत किंवा गांडूळखताचं मिश्रण. महिनाभरात ही भर निम्म्याने खाली बसते. घाबरू नका, वरून पुन्हा पाला आणि खत घालत राहा. पहिल्या हंगामात पालेभाजीच घ्या. फळभाजी भर मुरल्यावर.

विकतच्या कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, एवढंच, की पाच किलोची वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास होते आणि वापरण्याआधी दोनदा धुवून घ्यावी लागते, कारण त्यात मीठ असतं. त्यात अन्नद्रव्यं जवळपास नसतात. ‘कोकोपीटमध्ये लावलं पण वाढत नाही’ या तक्रारीचं कारण तेच.

कुंडीची खोली पालेभाजीला सहा-आठ इंच पुरे. टोमॅटो, वांगी, मिरचीला फूटभर. दुधी-कारल्याला पन्नास लिटरचं काहीतरी हवंच. कुंडी मातीची की प्लास्टिकची, याने फारसा फरक पडत नाही. भोकं आहेत का, याने पडतो.

ओल्या कचऱ्याला वास येतो आणि पांढऱ्या अळ्या होतात. काय चुकतंय?

पाला कमी पडतोय. एक भांडं भाजीची देठं-सालं टाकली की त्यावर एक-दोन भांडी वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेले पुठ्ठे पडले पाहिजेत. वास येतो तो हवा कोंडल्याने, आणि हवा कोंडते ती ओल जास्त झाल्याने. ढीग उलटा, पाला मिसळा. दोन दिवसांत वास जातो. मूठ आवळली की हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढीच ओल ठेवायची. विरजण म्हणून आंबट ताक किंवा शेणकाला पुरतो. महागड्या पुड्या लागत नाहीत.

त्या जाड, करड्या-पांढऱ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. दिसायला ओंगळ, पण कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत आणि झाडाला इजा करत नाहीत. घरच्यांना किळस येत असेल तर वरचा पाल्याचा थर जाड ठेवा.

पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये जमवून ठेवायचा. तेव्हा रस्तोरस्ती पानगळ असते आणि सफाईवाले तो जाळत असतात, जे करायला मनाई आहे. पोती भरून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा. ऑगस्टमध्ये, सगळं चिंब असताना, ती पोती सोन्याच्या मोलाची होतात. गणपतीतलं निर्माल्यही खतात जातं, पण दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चमकीचे हार आधी काढून टाका.

सोसायटीने मिळून गांडूळखत प्रकल्प चालवला तर काही महापालिका मिळकत करात सूट देतात. पुण्यात ती गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यसंचयासाठी पाच ते दहा टक्के आहे. प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो. पत्र्याखाली धूळ खात पडलेलं डबडं दाखवून सूट मिळत नाही, आणि मिळूही नये.

कोणत्या महिन्यात काय लावायचं?

अक्षय्य तृतीयेला आळी करून ठेवायची आणि मृगाचा पाऊस पडला की वेल लावायचे, ही जुनी रीत अजूनही बरोबर बसते. जूनमध्ये दोडका, कारलं, पडवळ, काकडी, दुधी, लाल भोपळा, भेंडी, गवार. कोकणात वेलाला भक्कम मांडव आधीच उभारा. वेल वर चढल्यावर भर पावसात बांबू रोवणं म्हणजे शिक्षा आहे. तिथे जुलैत मेथी-कोथिंबिरीचा हट्ट धरू नका, झड लागली की कुजते. त्या दिवसांत अंबाडी आणि अळू घ्या, आणि कुंपणाकडेला आपणहून उगवलेला टाकळा आणि कुर्डू ओळखता येत असेल तर तो तण म्हणून फेकू नका.

गणपती झाले की टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवरची रोपं तरव्यात, म्हणजे रोपांसाठीच्या छोट्या वाफ्यात, टाका, महिन्याभराने जागेवर लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडचा राजा हंगाम: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, वाल, घेवडा, देशावर वाटाणा. ज्याला पहिल्यांदाच बाग करायची आहे त्याने जूनची वाट न बघता दसऱ्याला सुरुवात करावी, असं माझं मत आहे. कीड कमी, पाणी कमी, आणि महिन्याभरात मेथी ताटात येते.

उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी, काकडी, तांदुळजा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलपासून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लागतेच. कोकणात मेमध्ये सकाळचं ऊन मिळून दुपारी सावली असेल तर जाळीशिवाय भागतं.

बी हायब्रीड घ्यावं की गावठी?

टोमॅटो, फ्लॉवरसारख्या पिकात पहिल्याच वर्षी चार फळं हमखास हवी असतील तर हायब्रीड घ्या, त्यात लाज नाही. पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पालेभाज्या, वेल, वाल, गवार, भेंडी, वांगं यांत गावठी वाण लावा आणि बी राखा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच परसातून सुरू केलं. वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी गावरान वाण त्यांनी बायकांच्या गटांसोबत जपले, घरात बियाणे बँक उभी केली, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव पद्मश्रीसाठी जाहीर झालं. गोव्यातली सात शिरांची भेंडी आणि आगशीचं वांगं हे वाणही लोकांनी वर्षानुवर्षं बी राखल्यामुळेच टिकले. आज दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे.

बी राखायचं ते सगळ्यात निरोगी झाडाचं, उरलेल्या शेवटच्या फळाचं नव्हे. भेंडी, गवार, वाल झाडावरच वाळू द्या. वांगं पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत ठेवा. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस वाटीत आंबवा, वर साय आली की धुवून सावलीत वाळवा. मग राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरा, वर वाण आणि वर्ष लिहा. टोमॅटोचं बी तीन-चार वर्षं टिकतं, कांद्याचं मात्र वर्षभरात जुनं होतं.

वेलाला भरपूर फुलं आली, पण फळ धरत नाही.

हा प्रश्न दर पावसाळ्यात सगळ्यात जास्त येतो. दुधी, भोपळा, दोडका, कारलं यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस बहुतेक नरच असतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला त्याच्या मागे बघा: पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढं इवलंसं दुधी किंवा कारलं असतं. नर फुलाच्या मागे नुसता सरळ देठ.

मादी फुलं येऊनही ती छोटी फळं पिवळी पडून गळत असतील तर परागीभवन होत नाहीये. सातव्या-आठव्या मजल्यावर मधमाश्या कमी पोचतात. तेव्हा आपणच करायचं. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधल्या दांडीवरची पिवळी भुकटी बोटाला लागते का बघा. ती दांडी मादी फुलाच्या मधोमध असलेल्या फुगीर, चिकट भागावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. दोन-तीन दिवसांत ते फळ हिरवं राहून फुगायला लागलं, की समजायचं धरलं.

वेळ मात्र पिकाप्रमाणे वेगळी. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, म्हणून नऊच्या आत. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडका आणि पडवळही दिवस कलल्यावर. सकाळी चहा घेत दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना संध्याकाळी सातला गच्चीवर जायला सांगा.

टोमॅटो, मिरची, वांग्यात नर-मादी एकाच फुलात असतात. तिथे झाड हलवलं तरी पुरतं. पण पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, त्याला इलाज नाही.

घरचा दुधी कडू लागला. साखर घालून हलवा करू का?

अजिबात नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, ती शिजवूनही जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर सरळ खतात टाका. काकडी, घोसाळं, दोडक्यालाही हाच नियम.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कोणती फवारणी?

कोणतीच नाही, तो रोग नव्हे. एक दिवस पाण्याचा पूर, मग तीन दिवस कोरडं, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज थोडं, नेमाने पाणी द्या आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन करा. अंड्याची टरफलं घालायला हरकत नाही, पण ती विरघळायला महिने लागतात. या हंगामात उपयोग नाही.

मिरचीची पानं गोळा होतात, जास्वंदीवर कापूस दिसतो.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा फुलकिडे, कोळी कीड आणि पांढरी माशी यांच्यामुळे येतो. माशीने विषाणू आणला असेल तर झाड सुधारत नाही, उपटून टाकलेलं बरं. सुरुवात असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली पातळ साबण फेटून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, दर पाच-सहा दिवसांनी. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. निंबोळ्या मिळत असतील तर पन्नास ग्रॅम वाटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, गाळून वापरा. ते तेलापेक्षा स्वस्त आणि तितकंच चांगलं.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा जुन्या टूथब्रशने काढा, मग फवारणी. आणि मुंग्या कुठून चढतात ते शोधा. ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्याच त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

कारली, पेरू आतून किडके निघतात ते फळमाशीमुळे. वेलभाज्यांना क्यू-ल्यूरचा आणि आंबा-पेरूला मिथाईल युजेनॉलचा सापळा लागतो; अदलाबदल झाली तर उपयोग नाही. चार फळं असतील तर कागदी पिशवी बांधणं सगळ्यात सोपं.

जीवामृत शहरात कसं करायचं? देशी गाय कुठून आणू?

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या, विदर्भातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं त्याचं प्रमाण शेतासाठी दोनशे लिटरचं आहे. घरासाठी त्याचा दहावा भाग: वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, शंभर-दीडशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन, मूठभर जिवंत, म्हणजे रासायनिक खत न पडलेली माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळा, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून द्या, आठवड्याभरात संपवा. जवळ गोठा नसेल तर जिवाला लावून घेऊ नका. चांगलं मुरलेलं घरचं खत आणि पाल्याचं आच्छादन असेल तर कुंडीचं काही अडत नाही.

कुंडीत किंवा ड्रममध्ये कोणती फळं खरंच येतात?

लिंबू, पेरू, डाळिंब, अंजीर, चिकू आणि पपई. किमान शंभर लिटरचं भांडं धरा.

लिंबासाठी राहुरी विद्यापीठाची ‘साई शरबती’ किंवा ‘फुले शरबती’ चांगली. लिंबाची फुलं गळतात ती बहुतेक पाण्याच्या लहरीपणामुळे. फुलं येण्याआधी तीन आठवडे पाणी कमी करायचं, मग फुलल्यावर नेमाने द्यायचं. पानं खाणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. रोप लहान असेल तर हाताने वेचा, मोठं असेल तर दोन-चार राहू द्या.

पेरूत ‘सरदार’ घ्या. लखनौ-४९ म्हणतात तोच हा, पण नाव लखनौचं असलं तरी निवड झाली ती १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत. सरळ वाढणाऱ्या फांद्या दोरीने वाकवून बांधल्या की बाजूचे डोळे फुटतात आणि फळ नव्या फुटीवर येतं. छाटायला घाबरणाऱ्यांच्या पेरूला पानंच येतात.

हापूसचं झाड लावायचं आहे. ड्रममध्ये होईल?

हापूसची वाढ मोठी, आणि कोकणाबाहेर त्याचा तो स्वाद येत नाही. शिवाय एक वर्ष येतो, एक वर्ष रुसतो. लहान जागेसाठी ‘आम्रपाली’ बघा. दशहरी आणि नीलम यांचा हा संकर मुळातच बुटका आहे आणि दरवर्षी धरतो. जमिनीत जागा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रत्ना’, म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, घरच्यासाठी उत्तम.

कलम घेताना बुंध्यावरचा जोड बोटाने चाचपून बघा. कोयीचं साधं रोप कलमाच्या भावात विकणारे कमी नाहीत. जोडाच्या खाली फूट आली की लगेच खुडा, नाहीतर चार वर्षांनी जो आंबा येईल तो रायवळ असेल. खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल, मे महिन्यातच खणून तापू द्यायचा. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

पपईला फुलं लोंबतात, फळ नाही.

लांब देठावर झुपक्याने लोंबणारी फुलं नराची. ते झाड काढा, किंवा जवळ मादी झाडं असतील तर एक राहू द्या. एकच पपई लावायची तर ‘तैवान रेड लेडी’सारखं वाण घ्या, त्यात निव्वळ नर निघत नाहीत. बुडाशी पाणी साचलं तर पपई दोन दिवसांत माना टाकते, म्हणून मातीचा उंचवटा करूनच लावा.

सोसायटीच्या आवारात कोणती झाडं लावावीत?

बकुळ, बहावा, ताम्हण, सीतेचा अशोक, कडुनिंब, जांभूळ, आवळा. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून मोठं झाड किमान पंधरा फूट दूर. वड-पिंपळ इमारतीजवळ नकोत. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष भराभर वाढतात, पण दर पावसाळ्यात गाड्यांवर फांद्या पडतात त्या यांच्याच. जांभळाखाली पार्किंग नको, एवढं आधीच ठरवा. शेवगा हवा असेल तर तो दरवर्षी शेंगा संपल्या की तीन-चार फुटांवर छाटायचा. न छाटलेला शेवगा उंच जातो, शेंगा हाताला लागत नाहीत आणि वाऱ्यात मोडतो. पावसाळ्यात त्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंट झुंडीने बसतात. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती निदान तीन-तीन फूट माती उघडी राहू द्या. ठेकेदार बुंध्यापर्यंत सिमेंट आणतोच, समोर उभं राहून थांबवावं लागतं.

झाड आमच्याच आवारात आहे. तोडायला परवानगी लागते?

शहरात लागते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, फांद्यांच्या मोठ्या छाटणीसाठीही. धोकादायक फांदी असेल तर फोटोसह अर्ज पावसाळ्याआधी, एप्रिलमध्येच द्या.

सामाईक बाग सुरू होते आणि वर्षात बंद पडते. का?

कारण रोपं लावायच्या दिवशी चाळीस लोक असतात आणि पाणी घालायला दोन. उद्घाटनाचा फलक करण्याआधी दोन कागद लिहून काढा: पाण्याची पाळी कोणाची आणि तोडलेलं कोणाचं. पहिला कागद बहुतेकांकडे असतो, भांडणं दुसऱ्यावरून होतात.

दोन पद्धती चालतात. एक, वाफे घरटी वाटून द्यायचे. ज्याचा वाफा त्याची भाजी. यात मेहनत दिसते, पण एका वाफ्यात तण माजलं की शेजारच्याला ताप. दुसरी, सगळं सामाईक आणि रविवारी सकाळी तोडणी. जो काम करायला येतो तो घेऊन जातो. मला दुसरी बरी वाटते. तिच्यात वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांना ओळखायला लागतात. अट एकच: आठवडाभर कोणीही ‘दोनच मिरच्या’ तोडायच्या नाहीत.

फुलं पहाटे पिशवी घेऊन येणारे नेतात, हा सार्वकालिक प्रश्न. कुलूप लावून काही होत नाही. कुंपणाबाहेर तगर आणि जास्वंद भरपूर लावा. देवाला तेवढी पुरतात, आतली बाग शाबूत राहते.

सुरुवातीला सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या, गच्ची सगळ्यांची असते. गावात असाल तर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांनी केलेली पोषण परसबाग बघून या. गोल आखणी, मधे खताचा खड्डा, भोवती पाकळ्यांसारखे वाफे आणि कडेला शेवगा, पपई, कढीपत्ता. चार घरांच्या रोजच्या भाजीसाठी इतकी सुटसुटीत आखणी दुसरी नाही.

पाण्याची टंचाई आहे. आरओचं, मोरीचं पाणी चालेल?

आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. एक दिवस ते, दोन दिवस साधं, असं चालतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की थांबवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. साबणाचं पाणी पालेभाजीला नको, केळ आणि कर्दळीकडे वळवा. कोकणात न्हाणीच्या पाण्यावर केळी असतात, गोव्यात कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, घरातलं सांडपाणी मिळतं, ते याच हिशोबाने. आच्छादन असेल तर पाणी निम्म्यावर येतं.

कुंड्यांमुळे डास होतात अशी तक्रार आली आहे.

कुंडीतल्या मातीत होत नाहीत, खालच्या बशीत होतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा बशा पालथ्या करा, त्याहून बरं म्हणजे काढूनच टाका.

माकडं काही राहू देत नाहीत.

कोकणातल्या परड्यांत यावर खात्रीचा उपाय नाही. सुरण, हळद, आलं, मिरची, काळी मिरी यांना ती कमी हात लावतात. बाकी भाजी जाळीखाली.

आम्ही इंग्लंड-अमेरिकेत आहोत. मेथी, कारली, कढीपत्ता होतो का?

मेथी आणि कोथिंबीर वसंतात सहज होतात, दिवस तापले की फुलावर येतात. कारलं, दुधी घरात उबेला रुजवून शेवटच्या हिमतुषारानंतर बाहेर लावा. इंग्लंडमध्ये ग्रीनहाऊस असेल तर बरं. तिथल्या ॲलॉटमेंटचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीबागेचा, पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा असतो. नव्या माणसाने अर्धा मागावा, प्रतीक्षायादीही लांब असते. कढीपत्ता कुंडीत ठेवून हिवाळ्यात घरात घ्यायचा. अमेरिकेत मात्र कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्साससारख्या राज्यांत त्याच्या रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारा कीटक त्यावर राहतो. भारतातून रोप किंवा ताजी डहाळी बॅगेतून नेऊ नका.

मे महिन्यात दहा दिवस गावी जायचं आहे. झाडांचं काय?

जायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत आणा, भरपूर पाणी द्या, वर तीन बोटं पाला पसरा. तयार भाजी आणि उमललेली फुलं तोडून घ्या, झाडाला तेवढंच पाणी कमी लागतं. मोठ्या ड्रमला झाकणात बारीक भोक पाडलेली दोन लिटरची बाटली उलटी खुपसली की तीन-चार दिवस निघतात. उरलेल्या दिवसांसाठी शेजाऱ्यांना किल्ली द्या, आणि किती पाणी घालायचं ते मगाच्या मापात लिहून ठेवा. नाहीतर ते प्रेमापोटी बादलीभर ओततात आणि परत आल्यावर कुजलेली मिरची दिसते.